चुकायला निघालेले भालेराव काका

भालेराव काका माणसांना हरवायला न्यायचे. रविवारी सकाळी, स्वखर्चाने चहा पाजून, जुन्या दिल्लीत. चावडी बाजारच्या मेट्रो स्टेशनातले ते न संपणारे सरकते जिने चढून वर आलं की ते खांद्यावरची कापडी पिशवी उघडायचे आणि आरतीचं तबक फिरवावं तशी सगळ्यांसमोर फिरवायचे. त्या पिशवीत आपापला मोबाइल टाकायचा. कोणी कुरकुर केली की म्हणायचे, "नकाशा बघितला की गल्ली रुसते. टाका, टाका."

मग ते हात मागे बांधून चालू लागायचे. कुठे जायचंय, किती चालायचंय, यातलं काहीही विचारायचं नाही. वाटेतल्या कोणालाही रस्ता विचारायचा नाही. "विचारलं की फिरणं संपलं यार, मग उरतं ते नुसतं पोचणं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. गल्ली चुकली की ते लहान मुलासारखे खूश व्हायचे. "वा! चुकलो! बिल्कुल चुकलो! आता खरी दिल्ली सुरू."

नोकरीत असताना ते केंद्र सरकारच्या एका कार्यालयात महामार्गांच्या फायली बघायचे. देशभरातले सरळसोट रस्ते त्यांच्या सहीने पुढे सरकले आणि स्वतः हा माणूस आयुष्यात कधी सरळ रस्त्याने गेला नाही. निवृत्तीनंतर आर. के. पुरमचं सरकारी घर सोडून ते आउटर रिंग रोडच्या पलीकडे, मुनिरकाच्या डीडीए, म्हणजे दिल्ली विकास प्राधिकरणाच्या, फ्लॅटमध्ये राहायला गेले. मी अजून आर. के. पुरममध्येच आहे. माझी निवृत्ती दिसू लागली आहे आणि त्यानंतर कुठे जायचं ते मला माहीत नाही. दिल्लीतला मराठी माणूस तीस वर्षं राहिला तरी मनाने बॅग भरूनच बसलेला असतो. भालेराव काका हा मला भेटलेला पहिला माणूस, ज्याने बॅग उघडून कपडे कपाटात लावले होते.

आमच्यासारख्यांना त्यांचा मोठा उपयोग व्हायचा. दिल्लीत नोकरी करणाऱ्याच्या घरी दोनच ऋतू असतात, एक पाहुण्यांचा आणि दुसरा पाहुणे गेल्यावर अंथरुणं धुण्याचा. पुण्याचे पाहुणे आले की आम्ही त्यांना काकांच्या हवाली करायचो. माझा साडू असाच एकदा आला. त्याच्याकडे बघायच्या ठिकाणांचा वेळापत्रकासकट बेत तयार होता. काकांनी त्याला सीताराम बाजारामागच्या गल्ल्यांत सकाळभर फिरवलं. एका हवेलीचा दरवाजा उघडा दिसला म्हणून काका आत शिरले आणि त्यांच्यामागून साडू. आत चौकात एक गृहस्थ गालाला साबण लावून दाढी करत बसले होते. काका म्हणाले, "भाई साहब, आप चालू रखिए, हम छत की नक्काशी देखेंगे।" त्या गृहस्थांनी साबण लावलेल्या तोंडानेच दोन खुर्च्या मागवल्या आणि डाळ भरलेली गरम बेडमी पुरी खायला घातली.

बाहेर आल्यावर साडूने कळवळून विचारलं, "पण काका, लाल किल्ला?"

"असेल तिकडेच कुठेतरी. इतकी वर्षं हलला नाही, आज कुठे पळून जातोय?"

साडू पुण्याला जाऊन सगळ्यांना सांगत होता, की दिल्लीत मला एका वेड्याने फिरवलं. पण मी पाहिलंय, त्या घरातल्या पुरीची आठवण काढताना त्याचा आवाज खाली येतो.

माझ्या मुलीला त्यांनी एकदा एका पडक्या भिंतीसमोर उभं केलं आणि विचारलं, "हा कोनाडा. काय ठेवत असतील यात?" मुलगी दिल्लीतच वाढलेली. ती म्हणाली, "कोनाडा क्या होता है?" काका हसले नाहीत, की माझ्याकडे रागाने बघितलंही नाही. खिशातली सुपारीची डबी काढून त्यांनी कोनाड्यात ठेवली, तिला म्हणाले, "आता हळूच उचल," आणि पुढे चालू लागले. तो शब्द ती अजून विसरलेली नाही. मी तिला असा एकही शब्द दिलेला नाही.

या फिरण्यात शरयूकाकू नेहमी असायच्या आणि नेहमी सगळ्यांत मागे. काका पुढे तरातरा चालायचे, मध्ये आम्ही, आणि काकू पदर सावरत, इकडेतिकडे बघत, रेंगाळत. मधूनच हाक यायची, "अहो, इकडची खिडकी बघितलीत का?" काका वैतागून मागे यायचे. आम्हा सगळ्यांना काकूंची दया यायची. या वयात बिचारीला काय फरफटवतात, असं माझी बायको दर वेळी घरी आल्यावर म्हणायची.

काकू गेल्या आणि फिरणं विरळ झालं. लोक येईनासे झाले. मीही. "या रविवारी येताय ना पाटणकर?" असा त्यांचा फोन यायचा आणि मी म्हणायचो, "पुढच्या रविवारी नक्की, काका." दुःख झालेल्या माणसाबरोबर काय बोलायचं ते मला सुचत नाही, म्हणून मी त्याच्यापासून लांब राहतो. याला लोक भिडस्त स्वभाव म्हणतात. मी त्याला काय म्हणतो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मग एके दिवशी त्यांच्या मुलीचा, अनघाचा, पुण्याहून फोन आला.

"दादा, बाबा हरवतायत."

"ते हरवतातच, अनघा. मुद्दाम."

"तसं नाही हो. गेल्या आठवड्यात शेजारच्या मल्होत्रा आंटींचा फोन होता. सकाळचे गेलेले बाबा दिवेलागणीला घरी आले. चेहरा पांढराफटक. विचारलं तर म्हणे, मजेत चुकलो होतो. मला भीती वाटते हो. आत्याचं असंच सुरू झालं होतं. शेवटी तिला स्वतःचं नावही आठवेना. डॉक्टरकडे चला म्हटलं तर फोन ठेवतात. तुम्ही एकदा त्यांच्याबरोबर जा आणि मला खरं सांगा. तुम्ही 'हो' म्हणालात तर मी येऊन त्यांना घेऊन जाते. फ्लॅट विकून टाकू."

"पुण्याला ते यायचे नाहीत."

"माहीत आहे. म्हणून तर तुमच्याकडून खरं हवंय. उगाच नाही ना त्यांना उपटून आणायचं!"

पुण्याविषयी काकांचं मत आम्हा सगळ्यांना पाठ होतं. "तिथे रस्ता विचारला तर अपमान करतात आणि नाही विचारला तर आपणहून सांगतात. मेलो तरी जाणार नाही."

तर असा मी एका रविवारी हेर होऊन निघालो. हौज खासला मेट्रो बदलताना काका इतके आनंदात होते, की मला त्यांच्याकडे बघवेना. "अरे यार पाटणकर, किती महिन्यांनी! आज तुम्हाला असं चुकवतो, की बघाच!" चावडी बाजारला वर आल्यावर त्यांनी पिशवी उघडली. मी मोबाइल टाकला. टाकताना तो मला जड लागला.

रविवारी तिथली घाऊक दुकानं बंद असतात. हौज काजीच्या चौकात थोडी वर्दळ होती, पण सीताराम बाजारातून एका बोळात वळलो आणि सगळे आवाज कोणीतरी दार लावल्यासारखे थांबले. डोक्यावर विजेच्या तारांचं जाळं, त्यावर कबुतरं. लाल दगडाच्या कोरीव चौकटी, त्यांना बसवलेली पत्र्याची दारं. कुठेतरी कुकरची शिट्टी. थंडी संपत आली होती आणि गच्च्यांवरून उन्हाच्या तिरप्या पट्ट्या भिंतींवर उतरल्या होत्या. तिथे चालताना मला नेहमी वाटतं, की हे शहर कधीच संपून गेलंय आणि ते या लोकांना सांगायचं राहिलंय.

माझी पंचाईत अशी होती, की चुकणं हाच ज्याचा छंद, तो चुकतोय हे ओळखायचं कसं? मासा बुडतोय का ते बघायला पाठवावं, तसं मला पाठवलं होतं.

दोनचार वळणं घेतली आणि बोळ संपला. समोर भिंत, भिंतीत बंद हिरवं दार, दारावर गंजलेला कूलर. बाजूच्या चबुतऱ्यावर, म्हणजे दाराशेजारच्या दगडी ओट्यावर, एक वयस्कर बाई मटार सोलत बसल्या होत्या.

"वा!" काका म्हणाले. "बंद गल्ली! पाटणकर, बंद गल्लीसारखं ठिकाण नाही. इथे कोणी कुठे जायला आलेलं नसतं. जो येतो तो राहणारा तरी असतो, नाहीतर चुकलेला. तिसरा माणूसच नाही!"

मला पटलं. आम्ही मागे फिरलो. एका कमानीखालून गेलो, एका मशिदीची मागची भिंत धरून चाललो, पाण्याचे कॅन घेऊन जाणाऱ्या सायकलीला वाट दिली, आणि पुन्हा हिरवं दार, कूलर, मटार.

"वा!" काका म्हणाले. "बंद गल्ली! पाटणकर, बंद गल्लीसारखं ठिकाण नाही." आणि ते सगळं भाषण त्यांनी पुन्हा केलं, शब्द न् शब्द तोच. बाईंनी मान वर करून आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि काही न बोलता पुढची शेंग घेतली.

तिसऱ्यांदा त्या दारासमोर आलो तेव्हा काका बोलले नाहीत. मागे बांधलेले हात सुटून खाली आले होते. उजव्या हाताने ते पिशवीचा बंद नुसता चाचपत होते.

"बाबूजी, बैठ जाइए," बाई म्हणाल्या. त्यांनी मटारचं ताट सरकवून जागा केली. काका बसले. जणू ती जागा त्यांचीच होती. बाईंनी मला विचारलं, "आप बेटे हैं?"

"जी नहीं. पड़ोसी."

"अच्छा." त्या अच्छामध्ये राग नव्हता, तरी मला लागायचं ते लागलं. "हमने सोचा, चलो, आज कोई साथ तो आया। पहले तो आंटीजी होती थीं। अब अकेले आते हैं, यहीं घूमते रहते हैं। पिछले इतवार मेरी बहू चौक तक छोड़ के आई। मना कर रहे थे, बोले, मैं तो शौक़ से घूम रहा हूँ।" त्या हसल्या. "हमने कहा, शौक़ से ही छोड़ आते हैं।"

त्या चहा सांगायला आत गेल्या. मी काकांच्या शेजारी बसलो.

"अनघाने पाठवलंय ना तुम्हाला?" काकांनी विचारलं.

मी ताटाशेजारची एक रिकामी शेंग उचलली.

"इतके महिने बोलावतोय, आला नाहीत. आज एका फोनवर आलात. मी महामार्गांच्या फायली बघितल्यात यार, कुठला प्रस्ताव कुठून आलाय ते मला कळतं."

"काका, तुम्ही ते भाषण दोनदा केलंत."

"मुद्दाम केलं. म्हटलं, तुम्हाला वाटेल, म्हातारा गंमत करतोय, मुद्दाम इथे आणतोय." त्यांनी ताटातला एक मटार उचलला, बघितला आणि परत ठेवला. "तिसऱ्यांदा करायचं धैर्य झालं नाही."

"कधीपासून होतंय असं?"

"कधीपासून म्हणजे? पाटणकर, मला रस्ते कधीच कळले नाहीत. कधीच! आर. के. पुरममध्ये राहायला आलो तेव्हा सगळे ब्लॉक सारखे, सगळे जिने सारखे, दारांचा रंगसुद्धा सरकारी. नव्या संसारातला पहिला आठवडा. ऑफिसातून आलो, दार उघडं होतं, आत जाऊन बूट काढून सोफ्यावर बसलो आणि म्हटलं, अगं चहा टाक. चहा आला. घोटभर प्यालो आणि बघतो तर कप आमचा नाही. वर बघतो तर बायकोही आमची नाही. कोणा बंगाली अफसराची मिसेस. ती बिचारी समजली, यांच्या ऑफिसातले कोणी साहेब आलेत!"

मला हसू आलं. तेही हसले, पण त्यांचं हसू लगेच संपलं.

"ब्लॉकभर बोभाटा झाला. मी घराबाहेर पडेना. तेव्हा ही म्हणाली, अहो, त्यात काय एवढं? आपण चुकायलाच निघालोय असं सांगत जाऊ. मग हसायचं कोणी? ते वाक्य तिचं. नकाशा, गल्ली, रुसणं, सगळं तिचं. मी फक्त मोठ्या आवाजात म्हणायचो."

"आणि त्या खिडक्या?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"हां, बघा. तुम्हाला लगेच समजलं. मला तेवढी वर्षं नाही समजलं. डावीकडे वळायचं असलं की तिला डावीकडे खिडकी दिसायची. मी पुढे गेलेला असलो तर हाक मारायची. मी खिडकी बघायला वळायचो, दोन पावलं जायचो, आणि बघतो तर चौक! मला वाटायचं, काय आपलं नशीब. कितीही चुका, शेवटी बरोबर बाहेर पडतो." ते थांबले. "ती गेल्यावर पहिल्या रविवारी एकटा आलो. दुपार टळली तरी बाहेर पडता येईना. तेव्हा कळलं, की ती मागे राहत नव्हती. ती मागून हाकत होती."

बाईंनी चहा आणून ठेवला. आलं घातलेला, गोड. काकांनी दोन्ही हातांनी ग्लास धरला.

"अनघाला वाटतंय, डोकं गेलं. डोकं आहे तसंच आहे. ते पूर्वीही असंच होतं." मग फार हलक्या आवाजात ते म्हणाले, "फक्त पूर्वी भीती वाटत नव्हती हो."

मला काहीतरी बोलायचं होतं. मी दर रविवारी येत जाईन, असं ओठांवर आलं होतं. पण मी स्वतःला ओळखतो. दोन रविवार आलो असतो. त्यानंतर पाहुणे, ऑडिट, गुडघा. खोटं आश्वासन देण्यापेक्षा चहा पिणं बरं, असं वाटून मी चहा प्यालो. काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. ते समजले होते.

निघताना त्यांनी स्वतःच पिशवी माझ्यापुढे केली. मी मोबाइल काढला, नकाशा उघडला. आम्ही दोघे त्या नकाशात कोणाच्या तरी गच्चीवर उभे होतो. शेवटी बाईंनीच बसल्याबसल्या हात करून सांगितलं, "कमान से पहले बाएँ, फिर बाएँ।" इतकंच. दोन वळणं! पलीकडच्या बाजूला चौक होता, आणि सकाळपासून आम्ही त्याच्या पाठीला पाठ लावून फिरत होतो.

मी पुढे झालो. काका माझ्या मागून निघाले. मी डावीकडे वळलो, ते वळले. एका वळणावर मी मागे पाहिलं. वर एक सुंदर सज्जा होता, जाळीदार, त्यात तुळशीची कुंडी. एरवी त्या सज्ज्याखाली त्यांनी मला सकाळभर उभं केलं असतं. ते खाली माझ्या टाचांकडे बघत चालत होते, एकही पाऊल चुकू नये म्हणून.

हौज काजीच्या चौकात आलो, रिक्षांचे भोंगे कानांवर आदळले, आणि पिशवीत त्यांचा फोन वाजला. त्यांनी काढून बघितला आणि माझ्या हातात दिला. "तुम्हीच बोला. माझा आवाज ऐकला की ती रडते."

मी "हॅलो" म्हटलं आणि अनघाने माझा आवाज ओळखला. "दादा? कसे आहेत? हरवतात का ते?"

"अनघा, ते आजारी नाहीत असं मला वाटतं. म्हणजे तुझ्या आत्यासारखं नाही. पण..."

"पण काय? हो की नाही ते सांगा ना!"

काका शेजारीच उभे होते. ते एका बंद दुकानाचं शटर वाचत असल्यासारखे दिसत होते. सगळी गोष्ट सांगायला हवी होती, बंगाली बाईपासून खिडक्यांपर्यंत. मला वाटलं, फोनवर ती कशी सांगणार? आणि सांगून तरी काय? या शहरात त्यांना मागून हाक मारणारं आता कोणी नाही. मी नाही, हे तर आत्ताच सिद्ध झालं होतं.

"हो," मी म्हणालो. "हरवतात. तू ये."

पलीकडे ती खरंच रडायला लागली. "येते," एवढंच म्हणाली आणि फोन बंद झाला.

मी काकांकडे वळलो. त्यांचं घर, त्यांची गल्ली, त्यांची दिल्ली, सगळं मी एका शब्दात विकून टाकलं होतं. ते मला काय म्हणतील ते ऐकायची मी तयारी केली. पुण्याला मेलो तरी जाणार नाही, असं ते ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

"येते म्हणाली?" काकांनी विचारलं.

"हो."

"कधी?"

"ते नाही बोलली."

"आणि राहील ना? की आली तशी जाईल? तिची रजा फार नसते."

"राहील, काका."

मग त्यांनी खिशातून रुमाल काढला, तोंड पुसलं, सदरा खाली ओढून नीट केला, जणू ती मेट्रोच्या जिन्यातून वरच येत होती.

"तिला सांगा, एअरपोर्टवर न्यायला मी येतो. एकटीने टॅक्सी करू नको म्हणावं."

"फोन ठेवलाय तिने."

"मग परत लावा ना, पाटणकर. लावा."

मी परत लावला.